या छताला वॉरंटी आहे, पाय ठेवू नये

३ मार्च, दुपार
वरच्या खोलीचं छत झालं. जुन्या पत्र्यांची चाळणी झाली होती, ते गेले. नवे निळे आले. छतवाला शिडीवरून उतरला, माझ्या हातात एक जाड लिफाफा दिला आणि म्हणाला, हे जपून ठेवा. अगदी योग्य माणसाला सांगितलं. ऑफिसात मी रेकॉर्ड सेक्शन सांभाळतो. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही. (एकदा एक आख्खं कपाट सापडत नव्हतं, पण ते कोणीतरी वरच्या मजल्यावर नेलं होतं.)

लिफाफ्यात वॉरंटी. पत्र्यांवर कंपनीची तीस वर्षं, बसवण्याच्या कामावर छतवाल्याची पाच. एकूण पस्तीस. बायकोला सांगितलं, आता पस्तीस वर्षं वर बघायला नको. ती म्हणाली, आधी तरी कुठे बघत होतात.

तिचे वडील, आप्पा, दोन आठवड्यांनी कायमचे राहायला येतायत. खोली त्यांच्यासाठीच. मेव्हण्याकडे सगळे दिवसभर कामावर असतात आणि आप्पा एकटे टीव्हीशी भांडत बसतात. मी बायकोला शब्द दिलाय की आप्पांना खोली कोरडी मिळेल. आता तर तो शब्द छापील आहे.

५ मार्च
वॉरंटी चौदा पानांची. अक्षर मुंगीएवढं. लोक असले कागद वाचत नाहीत आणि मग कपाळाला हात लावून बसतात. निश्चय: रोज ऑफिसला निघण्यापूर्वी एक पान. पंधरवड्यात मी या विषयातला जाणकार. आज पहिलं पान वाचलं. कंपनीने माझं अभिनंदन केलं आहे.

६ मार्च
वेळ झाला नाही.

८ मार्च
कालचं, परवाचं आणि आजचं मिळून तीन पानं बाकी. उद्या रविवार. रविवारी डोकं शांत असतं, चौदाच्या चौदा एकदम वाचेन.

९ मार्च, रविवार
वाचण्याआधी जपणं महत्त्वाचं. ऑफिसातलं लॅमिनेशनचं मशीन शुक्रवारीच घरी आणून ठेवलं होतं (तपासणीसाठी, असं रजिस्टरमध्ये लिहिलंय). सकाळपासून बसून सगळी वॉरंटी लॅमिनेट केली. शेवटी एक कोरा फॉर्म होता, रिकाम्या चौकटींचा. इतका स्वच्छ, की त्याला सुरकुती पडेल या कल्पनेनेच कसंतरी झालं. तोही केला. आता यावर बादलीभर पाणी ओता, काही होणार नाही. वाचायचं राहिलं.

११ मार्च
बसची वाट बघताना मधूनच एक पान उघडलं. कलम नऊ. कंपनीच्या अधिकृत माणसाशिवाय कोणीही छतावर चढलं किंवा छताची दुरुस्ती केली, तर वॉरंटी संपली! वाचून घाम फुटला. पुढे 'छिद्रे' वगैरे काहीतरी होतं, पण तेवढ्यात बस आली.

दिवसभर विचार केला. छतावर कोण चढू शकतं? केबलवाला. शेजाऱ्यांचा पतंग अडकला तर शेजारी. टाकी धुणारा. यांना कलम नऊ कोण सांगणार? संध्याकाळी बसमध्येच सुचलं. फलक.

१४ मार्च
फलक लावला. पत्र्याचा, पांढरा, वर लाल अक्षरं: या छताला वॉरंटी आहे, पाय ठेवू नये. गच्चीत स्टुलावर उभं राहिलं की वरच्या खोलीच्या छताची खालची कड हाताला येते. चढणारा तिथूनच चढणार, म्हणून तिथेच. मी स्वतः छतावर चढलो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

आप्पांचं सामान त्यांच्याआधी आलंय. त्यात त्यांची हत्यारांची पेटी. ते चाळीस वर्षं एका कारखान्यात पत्र्याच्या कामावर फोरमन होते. त्यांचंच ड्रिल घेतलं, त्यांचेच चार स्क्रू. थेट छताच्या पत्र्यात आरपार बसवले, वादळ आलं तरी हलणार नाही. पेटीत काळ्या रबरी चकत्यांची एक डबी होती. कशासाठी असतात कोण जाणे. त्यांना हात लावला नाही, दुसऱ्याच्या वस्तू उगाच कशाला संपवायच्या.

बायको म्हणाली, छान दिसतोय हो, लांबूनसुद्धा वाचता येतो.

१७ मार्च
आप्पा आले. खोली आवडली. उशाशी खिडकी, पलंग गच्चीकडच्या भिंतीला. मग गच्चीत गेले आणि फलकाखाली बराच वेळ उभे राहिले. कोणी लावला, असं विचारलं. मीच, म्हणालो. ते म्हणाले, अस्सं. अनुभवी माणूस चार शब्दांत कौतुक करत नाही, एकातच करतो.

२५ मार्च
आप्पा आल्यापासून घराला घरपण आलंय. रोज संध्याकाळी आमचा कॅरम. मी त्यांना जिंकू देतो, वयाचा मान म्हणून. आजपर्यंत आठ वेळा जिंकू दिलं. ऑफिसातून येताना आता पाय भराभर उचलतात. कोणीतरी गच्चीत सोंगट्या मांडून आपली वाट बघतंय, ही गोष्ट मला इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं.

वॉरंटी: अजून एकच पान वाचून झालंय.

४ एप्रिल, सकाळ
काल जोरदार पाऊस झाला. आप्पांची उशी ओली. बायकोने बघितलं. मी तिला समजावलं की नवं छत गळत नसतं. माणूस झोपेत श्वास सोडतो, तो गार पत्र्याला लागतो आणि त्याचं पाणी होतं. साधं विज्ञान आहे. ती म्हणाली, आप्पांनी काय एका रात्रीत तांब्याभर श्वास सोडला?

६ एप्रिल
पुन्हा पाऊस. गळतंय. बरोबर आप्पांच्या उशीवर, एका ओळीत चार ठिकाणी. भांडी ठेवली. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटलं. ज्याच्याकडे वॉरंटी आहे त्याने गळतीला घाबरायचं नसतं. तीस वर्षांतला पहिला महिना आणि वॉरंटी कामाला आली!

आप्पा म्हणाले, जावईबापू, शिडी द्या, दहा मिनिटांचं काम आहे, वर जाऊन येतो. मी ताबडतोब थांबवलं. कलम नऊ उघडून दाखवलं, की अनधिकृत व्यक्तीला छतावर चढायला बंदी आहे. ते म्हणाले, अनधिकृत म्हणजे मी का? मी म्हणालो, कागदानुसार हो. ते हसले आणि खाली जाऊन पेपर वाचत बसले. कॅरमला, पाठ दुखते, म्हणाले.

बायकोने जेवायला वाढताना ताट जरा जोरात ठेवलं.

८ एप्रिल
ऑफिसातून कंपनीला फोन. आधी एक दाबा, मग चार दाबा, मग गाणं ऐका. शेवटी एक बाई आल्या. त्यांनी नोंदणी क्रमांक विचारला. कसली नोंदणी? त्या म्हणाल्या, वॉरंटीच्या शेवटी एक कोरा फॉर्म आहे, तो साठ दिवसांत भरून, सही करून पाठवायचा, नाहीतर वॉरंटी सुरूच होत नाही.

साठ दिवस म्हणजे दोन मे. भरपूर वेळ आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

९ एप्रिल
लॅमिनेशनवर पेन चालत नाही.

१० एप्रिल
कडेने प्लास्टिक सोलून बघितलं. त्याच्याबरोबर कंपनीचं नाव निघून आलं. सोलणं बंद. परमनंट मार्करने सगळ्या चौकटी भरल्या, सही केली. सुंदर उठून दिसते. मग वाटलं, पोस्टात घासून पुसली गेली तर? म्हणून वरून पुन्हा एकदा लॅमिनेट केला. मशीनच्या उष्णतेने शाई जरा पसरली, पण नीट बघितलं तर सही माझीच आहे हे कळतं. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. पोस्टातल्या बाईने तो वाकवून बघितला. वाकला नाही.

१२ एप्रिल
छतवाल्याकडे गेलो. पत्रा गळतोय तर कंपनीला विचारा, म्हणाला. कंपनीला फोन केला. त्या बाई म्हणाल्या, पत्रा गंजला किंवा रंग उडाला तर आमच्याकडे या, बसवण्यात चूक असेल तर छतवाल्याकडे. पुन्हा छतवाल्याकडे. तो म्हणाला, मग मी येऊन बघतो. मी विचारलं, तुम्ही कंपनीचे अधिकृत आहात का? तो म्हणाला, मी छतवाला आहे. लेखी काही नव्हतं. त्याला वर चढू दिलं नाही.

तीस आणि पाच यांची बेरीज करता येत नाही, असं या धावपळीत लक्षात आलं. दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात. बायकोला सांगितलेलं नाही.

१४ एप्रिल
आप्पांनी पलंग आपला आपण सरकवला. आता खोलीत तिरपा असतो, पाय दाराबाहेर येऊ पाहतात. भांड्यांत टपटप चालू. मी त्यांना धीर दिला, की प्रकरण योग्य मार्गाने पुढे सरकतंय. ते म्हणाले, पाणी पण.

संध्याकाळी बायकोने सांगितलं, मेव्हण्याचा फोन होता. आप्पांनी त्याला स्वतःहून विचारलं की परत येऊ का. तीस तारखेचं, दुपारी अडीचचं तिकीट काढलंय. आवाज न चढवता सांगितलं तिने, त्यामुळे जास्त लागलं. मी म्हणालो, तीस तारखेच्या आत खोली कोरडी झाली तर? ती म्हणाली, ते खोलीमुळे जात नाहीयेत. मला समजलं नाही. खोलीमुळेच जातायत, पलंग भिजतोय ना.

निश्चय: तीसच्या आत कंपनीला वाकवणार.

१६ एप्रिल
कंपनीला पत्र. बारा पानं, सोबत परिशिष्टं 'अ' ते 'ऊ'. परिशिष्ट 'इ' मध्ये गळतीचा तक्ता, भांड्यानुसार. शेवटचं वाक्य तीनदा लिहिलं. हेडक्लार्कला वाचून दाखवलं. तो म्हणाला, यात नेमकं हवंय काय तुम्हाला? तेवढं राहिलं होतं. ताजा कलम घातला.

१८ एप्रिल, संध्याकाळ
घरी आलो तर शिडी गच्चीत आडवी. बायको म्हणाली, कोळ्यांची जाळी काढत होते. तिचे तळहात काळे. आप्पांच्या खोलीत टेबलावर ती काळ्या चकत्यांची डबी उघडी. आप्पा हल्ली जरा विसराळू झालेत, हत्यारं कुठेही टाकतात. आज मात्र आपणहून कॅरम मांडला. मी त्यांना जिंकू दिलं.

२१ एप्रिल
काल आणि आज धो धो पाऊस. भांडी कोरडी! चारही! मी स्वतः बोट घालून बघितलं.

हा माझ्या पत्राचा परिणाम. कंपनीने काय केलं माहीत नाही, पण केलं. कदाचित नवे पत्रे सुरुवातीला ऊन-पावसात जरा ताणतात आणि मग जागच्या जागी बसतात, आणि हे कंपनीला ठाऊक असणार. आप्पांना सांगितलं, बघा, धीर धरला की होतं. ते म्हणाले, खरंय. बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. आनंदाने रडली असणार.

आता तिकीट रद्द होईल. विचारलं. ती म्हणाली, आप्पांना विचारा. आप्पांनी विषय बदलला. बॅग भरायला काढली आहे.

२४ एप्रिल
कंपनीचा फोन. पत्र मिळालं, अठ्ठावीसला तपासनीस येणार. म्हणजे अजून आलेच नव्हते? मग गळती कोणी थांबवली?

हा प्रश्न सध्या बाजूला ठेवतो. मुख्य अडचण वेगळीच आहे. तपासनीस येणार आणि छत गळत नाही! बारा पानांचं पत्र खोटं ठरेल. भांड्यांचा तक्ता खोटा ठरेल.

२६ एप्रिल, सकाळ
बागेचा पाइप गच्चीत आणून छतावर पाणी मारलं. तासभर. एक थेंब गळेल तर शपथ. आप्पा खिडकीतून बघत होते. काय करताय, असं विचारलं. छत गळतंय का बघतोय, म्हणालो. नाही गळत ना, म्हणाले. नाही हो, असं मी म्हणालो, आणि आवाज इतका रडवेला आला की माझा मलाच ओळखू आला नाही. त्यांनी मला चहा करून दिला.

नव्या छताखाली बसून, ते गळत नाही म्हणून रडवेला झालेला माणूस या गल्लीत मीच पहिला असेन.

२८ एप्रिल, दुपारी साडेबारा
लिहावंसं वाटत नाही. पण नोंद ठेवायची सवय जात नाही.

तपासनीस अकराला आला. शांत माणूस, गळ्यात कॅमेरा. गच्चीत आला, फलक वाचला आणि विचारलं, हा कोणी लावला. मी छाती पुढे काढून म्हणालो, मी. कधी? चौदा मार्च. त्याने ते लिहून घेतलं. मला वाटलं, अहवालात माझं कौतुक जाणार.

मग तो शिडीने वर गेला. पाच मिनिटांत खाली. आणि सगळं सांगितलं, हळू, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. पत्रा उत्तम. छतवाल्याचं काम उत्तम. गळत होतं ते माझ्या फलकाच्या चार स्क्रूंतून. सगळ्या छताचं पाणी त्या कडेला येतं आणि तिथेच मी चार भोकं पाडली होती, चकत्या न घालता. कलम नऊचा दुसरा भाग: छतात छिद्र पाडल्यास वॉरंटी त्याच दिवशी संपते. माझी चौदा मार्चला संपली. अकरा दिवस टिकली. नोंदणीचा फॉर्मही त्याने परत आणला होता. तो कोणाला वाचता आला नव्हता, ऑफिसात सगळ्यांनी वाकवून बघितला म्हणे.

मी विचारलं, मग आता गळत का नाही? तो म्हणाला, कोणीतरी चारही स्क्रू काढून, खाली रबरी चकत्या घालून, वर पाणी अडवणारं सील लावून परत बसवलेत. फार जाणत्या हाताचं काम आहे. आमच्याकडेही हल्ली इतकं साफ कोणी करत नाही.

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा कुंडीतलं पान खुडत होते. बायको दुसरीकडे बघत होती, तळहात मागे लपवून.

२८ एप्रिल, संध्याकाळ
बायकोला विचारलं, मला आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली, आप्पांनी फलक बघितला त्याच दिवशी ओळखलं होतं. मी तुम्हाला सांगायला निघाले तर त्यांनी अडवलं. म्हणाले, जावयाने किती हौसेने लावलाय, त्याच्या घरात येऊन पहिल्याच दिवशी त्याची चूक कशाला काढू. दहा मिनिटं वर जाऊ दे, गुपचूप करून टाकतो. आणि मग, ती म्हणाली, तुम्ही त्यांना तो कागद दाखवलात. चाळीस वर्षं पत्र्याचं काम केलेल्या माणसाला अनधिकृत म्हणालात. मुलीच्या घरी आपण कोण आहोत, हे त्यांना कागदावर वाचायला मिळालं.

म्हणजे खरंच खोलीमुळे जात नव्हते.

स्वतःचाच राग आलाय. वॉरंटीचा नाही. वॉरंटीला काय, तिच्यात सगळं लिहिलेलं होतं.

२९ एप्रिल
चौदाच्या चौदा पानं वाचली. एका बैठकीत, पाऊण तास लागला. काही अवघड नव्हतं.

आप्पांशी बोलायला तीनदा जिना चढलो. तीनदा पाणी पिऊन आलो. तोंडाने माफी मागायची मला सवय नाही, माझं सगळं कागदावर. शेवटी ऑफिसात बसून एक कागद तयार केला. वर ठळक: अधिकारपत्र. खाली: या घराच्या छतावर चढण्याचा, ते दुरुस्त करण्याचा, आणि या घरात हवं तिथे हवा तितका काळ राहण्याचा अधिकार आप्पांना आहे. जावयाने त्यांना अनधिकृत म्हटलं, ती जावयाची चूक होती. चार वेळा लिहिला. अक्षर छान आलं. लॅमिनेट केला.

३० एप्रिल, दुपारी चार
रजा घेतली. एक वाजता बॅग दाराशी आली. मी अधिकारपत्र आप्पांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. संपूर्ण वाचलं, मग पुन्हा वाचलं. डोळे पुसले. मग म्हणाले, जावईबापू, यावर सही कुठाय?

सही राहिली होती. लॅमिनेशनवर पेन चालत नाही.

आप्पा हसायला लागले. इतके हसले की भिंतीला टेकावं लागलं, बायकोही हसली, आणि मग मलाही थांबता येईना. दारातली बॅग बायकोने उचलून वर नेली. अडीच वाजून गेले तेव्हा घड्याळाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

जेवणानंतर मी म्हणालो, तो फलक काढून टाकतो, बघवत नाही. आप्पा म्हणाले, अजिबात नको, काढलात तर चार भोकं उघडी पडतील. आता तोच पाणी अडवतोय, तो तिथेच राहणार. म्हणजे जोवर हे छत आहे तोवर सगळी गल्ली ते वाचणार.

मग त्यांनी शिडी मागितली, एकदा सील बघून येतो म्हणून. मला म्हणाले, तुम्ही खाली उभे राहा, शिडी धरा, तेवढं जमेल. ते फलकाच्या बाजूने वर गेले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. मी खालून विचारलं, आप्पा, हे काम किती वर्षं टिकेल? ते म्हणाले, मी आहे तोवर बघेन की.

लेखी मागावं, असं क्षणभर मनात आलं. गच्चीच्या दारातून बायको माझ्याकडेच बघत होती. मी शिडी दोन्ही हातांनी धरली.